ओळख पटली

३ सप्टेंबर, बुधवार

नवी नोकरी, नवी डायरी. डायरी श्रीपादने आणली, मानपाड्याच्या स्टेशनरीवाल्याकडून, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. म्हणाला, पहिल्या दिवसापासून लिही, नाहीतर आठ दिवसांत सगळं नेहमीचंच वाटायला लागतं. नऊ वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपणहून आणलेली ही तिसरी वस्तू असेल, पण आज तक्रार करायची नाही असं ठरवलंय.

ऑफिस ठाण्यात, कोर्टाच्या मागच्या रस्त्याला. मानपाड्याहून बस, पुढे रिक्षा, एकूण सव्वा तास. इमारत तीन मजली. तळमजल्यावर स्कॅनचं मशीन, वर आम्ही. काम असं, की संशोधनासाठी लोकांनी आपल्या मेंदूचे जे स्कॅन दिलेत ते देशोदेशीच्या अभ्यासकांना पाठवायचे, आणि पाठवण्याआधी ते कोणाचे आहेत हे कळणार नाही अशी व्यवस्था करायची. आमच्या प्रमुख लक्ष्मी मॅडम. साठी उलटलेली, पांढऱ्या केसांचा अंबाडा आणि पायात लाल स्पोर्ट्स शूज. त्या म्हणाल्या, नाव, पत्ता, जन्मतारीख काढली की झालं असं सगळ्यांना वाटतं, पण चेहरा राहतोच. डोक्याच्या स्कॅनचे थर संगणकात एकावर एक रचले की नाक, ओठ, हनुवटी सगळं उभं राहतं. त्यांनी एक रचून दाखवलं. शाडूच्या रंगाचं डोकं, केस नाहीत, डोळे मिटलेले. रस्त्यात भेटलं तर ओळखू इतकं स्पष्ट. म्हणून कपाळापासून हनुवटीपर्यंतचा भाग कापून टाकायचा, कानांसकट. माणसाने विश्वासाने आपलं डोकं दिलंय, त्याचा चेहरा वाटत फिरायचं नाही.

इथली एक रीत आहे. नव्या माणसाने पहिल्या दिवशी स्वतःचा स्कॅन द्यायचा आणि पहिला चेहरा स्वतःचाच पुसायचा. दुसऱ्याच्या चेहऱ्याला हात लावण्याआधी आपल्याला लावून बघायचा. मीही मशीनमध्ये अर्धा तास ठोकाठोकी ऐकत पडले, मग वर येऊन स्वतःला बघितलं. बसकं नाक, बाबांची रुंद हनुवटी. शेजारच्या टेबलवरचा धम्मपाल म्हणाला, माझा तर हात थरथरला होता. माझा नाही थरथरला. या चेहऱ्याशी माझं कधी फारसं सख्य नव्हतंच. कापला, कचऱ्यात टाकला, कचरा रिकामा केला. उरलेलं बिनचेहऱ्याचं डोकं सरावासाठी माझ्याच फोल्डरमध्ये ठेवलंय. धम्मपालने चहा पाजला. एकंदरीत दिवस छान गेला.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज नियम समजले. कापलेला चेहरा वेगळ्या फोल्डरमध्ये पडतो. खुर्चीवरून उठण्याआधी तो फोल्डर आपल्या हाताने रिकामा करायचा, चहाला जायचं असलं तरी. कोणाचा चेहरा कोणी ठेवायचा नाही, असं मॅडम दोनदा म्हणाल्या. कुठला क्रमांक कोणाचा, ती वही त्यांच्या लोखंडी कपाटात असते.

दुसरी एक वही मात्र दाराजवळच्या स्टुलावर उघडीच असते, दोऱ्याने बांधलेल्या पेनासकट. चेहरा ओळखीचा निघाला तर हात तिथेच थांबवायचा, वहीत क्रमांक लिहायचा, पुढे 'ओळख पटली' एवढंच लिहायचं आणि फाईल दुसऱ्याकडे द्यायची. कोण होतं ते कोणी विचारत नाही. धम्मपालला पाच वर्षांत तीनदा लिहावं लागलं. एकदा त्याचे शाळेतले गणिताचे सर निघाले. म्हणाला, सरांचे डोळे मिटलेले बघून कसंतरीच झालं, वर्गात ते कधी मिटायचेच नाहीत.

परतताना टेंभी नाक्याला आईकडे डोकावले. गौरी परवा गेल्या, आई मुखवटे मलमलीत गुंडाळून डब्यात ठेवत होती. आमच्याकडे दोन गौरी, थोरली आणि धाकटी. थोरलीला नटवताना आई माझं नाव घेते आणि धाकटीला क्षिप्राचं. दरवर्षी हळदीकुंकवाच्या बायका धाकटीकडे बघून म्हणतात, काय रेखीव चेहरा आहे हो! दोन्ही मुखवटे एकाच साच्यातले आहेत. तरीही.

क्षिप्रा माझी धाकटी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आईजवळ राहते, बँकेत आहे, लग्न करायचं नाही म्हणते. स्वभावाने चांगली आहे, हेच तर दुखणं आहे. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. आठ वर्षांपूर्वी शिकत असताना तिने कुठल्याशा अभ्यासासाठी डोक्याचा स्कॅन दिला होता. तेव्हा मिळालेलं मेंदूचं चित्र अजून आईच्या फ्रिजवर आहे. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, हिचा मेंदूसुद्धा कसा सुबक! मी नव्या नोकरीचं सगळं रंगवून सांगितलं, तर आई म्हणाली, अगंबाई, म्हणजे आपल्या क्षिप्राने केलं होतं तेच ना?

९ सप्टेंबर, मंगळवार

दिवसाला अकरा-बारा डोकी होतात. हात बसला आहे.

रविवारी क्षिप्रा जेवायला आली होती. श्रीपाद सकाळी उठून स्टेशनपर्यंत जाऊन खरवस घेऊन आला. ती येणार म्हणूनच, नाहीतर एरवी कोथिंबीर आणायलाही याला तीनदा सांगावं लागतं. जेवताना दोघं बँकेतल्या कुठल्याशा साहेबाची नक्कल करून हसत होते. मी पोळ्या लाटत होते. माझ्या पोटात दुखतं, हे मला कळतं, आणि कळून ते थांबत नाही.

नऊ वर्षांपूर्वी श्रीपाद मला बघायला आला तेव्हा पोहे मी आणले आणि पाणी क्षिप्राने. तो आधी पाण्याकडे बघत राहिला. विचारलं की म्हणतो, अगं, तहान लागली होती. नऊ वर्षं हेच एक उत्तर.

१२ सप्टेंबर, शुक्रवार



आज जुन्या स्कॅनचा गठ्ठा आला, सात-आठ वर्षांपूर्वीचा. जेवणानंतर क्रमांक चारशे बारा उघडला. थर रचले. नाक आलं, सरळ. ओठ आले. मग हनुवटी, आणि हनुवटीवर डाव्या बाजूला आडवी खाच.

ती खाच मी ओळखणार नाही तर कोण? मी अकरा वर्षांची होते, ती सहा. तलावपाळीच्या बागेतला झोका. ढकलला मी होता, जोरात, ती 'पुरे ताई, पुरे' म्हणत असताना. तीन टाके पडले. तिने घरी सांगितलं, माझा हात सुटला. आजवर तेच सांगते. आणि गंमत बघा, त्या खाचेनेही ती आणखीच गोड दिसते.

उठायला हवं होतं. वही दहा पावलांवर होती. पण मी लिहिलं असतं तर फाईल धम्मपालकडे गेली असती. त्याने तो चेहरा उभा करून बघितला असता आणि म्हणाला असता, काय चेहरा आहे हो, विनिताताई. जन्मभर हे ऐकत आलेय. इथेही ऐकायचं? माझ्या ऑफिसात?

नाही लिहिलं. मीच कापला. सावकाश, कपाळापासून खाली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आणि मग चहाला उठताना फोल्डर रिकामा केला नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

शनिवार-रविवार त्याचंच डोक्यात होतं. आज सगळ्यांच्या आधी पोचले. चेहरा फोल्डरमध्ये होता तसाच, मिटल्या डोळ्यांनी. डोक्यापासून वेगळा काढलेला चेहरा आतून पोकळ असतो, गौरीच्या मुखवट्यासारखा.

दिवसभर काम करता करता मधूनमधून उघडत होते. एवढं काय आहे यात, ते शोधत होते. नाक मोजलं, कपाळ मोजलं. मापात फरक म्हणावा तर दोन-तीन मिलिमीटरचा. दोन-तीन मिलिमीटरसाठी मला आयुष्यभर दुसऱ्या पाटावर बसवलं?

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा सरावाचं फोल्डर उघडलं. माझं बिनचेहऱ्याचं डोकं काढलं आणि तो चेहरा त्याच्यावर ठेवून बघितला. नुसतं बघायला. मला वाटलं होतं फट राहील, कडा जुळणार नाहीत. कपाळापासून कानापर्यंत कुठे शिवणसुद्धा दिसली नाही. मला माझ्या डोक्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

संगणकाने विचारलं, जतन करायचं का? मी हो म्हटलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दात घासताना हनुवटीला काही टोचलंय असं वाटलं. आरशात बघितलं तर डाव्या बाजूला बारीक रेघ. जुनी वाटते, भरून आलेली. श्रीपादला दाखवली, तर म्हणाला, होतीच की आधीपासून. मग विचारात पडला आणि म्हणाला, होती ना?

१८ सप्टेंबर, गुरुवार

कौतुकाचा पाऊस पडतोय माझ्यावर आणि मी छत्री उघडणार नाहीये. वॉचमनने आपणहून गुड मॉर्निंग केलं. बसमध्ये एका काकूंनी जागा सरकवून दिली आणि विचारलं, कॉलेजला का गं? सदतीस वर्षांच्या बाईला! धम्मपाल दोनदा माझ्याकडे बघून थबकला. म्हणाला, ताई, तुम्ही आजारी होतात का मध्ये? बऱ्या दिसता म्हणजे... वेगळ्या दिसता.

आरशातलं नाक सरळ आहे.

मला माहीत आहे हे काय आहे. मी मूर्ख नाही. भीती वाटायला हवी, आणि वाटतेही, पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी आहे आणि ते भीतीला पुढे येऊ देत नाही. संध्याकाळी श्रीपाद चहा घेताना माझ्याकडे बघत होता. खूप वेळ. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याचा चहा गार झाला.

२० सप्टेंबर, शनिवार

क्षिप्राचा फोन आला. तिचा मोबाइल तिच्या चेहऱ्याने उघडत नाहीये. हसत सांगत होती, बघ ताई, फोनसुद्धा म्हातारपणी ओळख विसरला. मग बँकेचं सांगितलं. दारावरच्या हजेरीच्या मशीनने चार दिवस तिला घेतलं नाही. काल मॅनेजरने ओळखपत्र मागितलं, त्यावरच्या फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, फोटो नीट नाही आलेला. सहा वर्षं रोज भेटणारा माणूस.

मी म्हटलं, डोळे तपासून घे त्याचे. ती हसली नाही. म्हणाली, ताई, तू ये ना गं एकदा.

उद्या जाईन म्हटलं. उद्या नाही जाणार.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. टेंभी नाक्याच्या देवीला ओटी भरायला दरवर्षी आम्ही तिघी जातो. नाही म्हणता आलं नाही. रांगेत आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, क्षिप्रा, दमलीस का गं राजा? विनिता नेहमीसारखी उशिरा येणार वाटतं.

असा हात आईने माझ्या गालावरून कधी फिरवला होता, आठवत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सांगितलं नाही, की आई, मी विनिता.

आमच्या मागे एक बाई तोंडावर ओढणी घेऊन उभी होती. तिने ओटीचं ताट पुढे केलं तेव्हा आईने बाजूला सरून तिला वाट दिली, परक्या बाईला देतात तशी. ओढणी जरा सरकली.

मी बघत होते आणि मला दिसत नव्हतं. जखम नाही, रक्त नाही. मूर्तिकार डोळे आखायच्या आधी हात फिरवून गुळगुळीत करतो तसं. त्या गुळगुळीत जागेतून क्षिप्राच्या आवाजात आलं, 'आई, अगं मी.'

आईने तिच्याकडे बघून हात जोडले आणि पुढे सरकली. मीही सरकले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी श्रीपाद घरात आला, मला बघून दारातच थांबला. म्हणाला, अरे, क्षिप्रा, तू कधी आलीस? विनिता कुठे आहे?

मला वाटलं होतं हा क्षण आला की मला त्याच्या डोळ्यांत ते दिसेल, जे मी नऊ वर्षं शोधतेय. तो पोह्यांच्या दिवशीचा भाव. दिसला नाही. मेहुणी आली की चेहऱ्यावर आणतात ते हसू होतं, आणि नजर माझ्या मागे स्वयंपाकघरात, विनिताला शोधत.

म्हटलं, ट्रेनिंगला गेली, पुण्याला. सुचलं ते बोलले. तो म्हणाला, असं न सांगता? जेवलीस का वगैरे विचारलं आणि बाल्कनीत जाऊन विनिताचा फोन लावत बसला. फोन माझ्या पर्समध्ये वाजत होता, मी आवाज बंद केला.

म्हणजे खरंच तहान लागली होती त्याला. एवढंच होतं ते. तहान.

२४ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसला गेलेच नाही. सकाळी श्रीपादला सगळं सांगितलं. मी विनिता आहे. झोका, पोहे, त्याच्या पाठीवरचा तीळ, सगळं. तो आधी हसला, मग पांढरा पडला. म्हणाला, क्षिप्रा, असली थट्टा मला आवडत नाही, आणि या गोष्टी विनिताने तुला सांगायला नको होत्या. इथे राहणं बरं दिसत नाही, आईकडे जा, असंही म्हणाला, मान खाली घालून.

बॅग भरताना फ्रिज उघडला. खरवस होता. तो मागून म्हणाला, तो राहू दे हं, विनितासाठी आहे. तिला आवडतो. ती स्वतःसाठी कधी मागत नाही, म्हणून आणून ठेवतो.

नऊ वर्षं मला वाटत होतं, खरवस क्षिप्राला आवडतो म्हणून येतो. मलाच आवडतो. मीच विसरले होते.

मग तो बोलतच राहिला. ती चिडली की किती छान बोलते. ती झोपेत माझी बाही धरते. मला कधीच सांगितलं नाही यातलं काही. त्या विनिताचा मला असा राग आला! एवढं मिळत होतं तिला, आणि बसली होती दुसरीचं मोजत. मी तिच्यावर जळतेय. हे लिहिताना हसू येतंय आणि थांबत नाहीये.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

टेंभी नाका. आई माझे केस विंचरते, मला गरम भाकरी वाढते, क्षिप्रा म्हणते. खरी क्षिप्रा घरी नाही. परवा आईने तिला दारातच विचारलं म्हणे, आपण कोण? ती परत गेली. कुठे राहते, माहीत नाही.

आज ठरवून ऑफिसला गेले. कार्डाने दार उघडलं. सगळे जेवायला गेल्यावर फाईल काढली आणि तिचा चेहरा माझ्या डोक्यावरून उतरवला. जतन केलं. पळत बाथरूममध्ये गेले.

आरशात मी नव्हते. म्हणजे डोकं होतं. केस, मान. मध्ये

हाताने चाचपलं. गुळगुळीत. दिसत कसं होतं मला, ते माहीत नाही. बाहेर कोणाची तरी चप्पल वाजली. भिंतीला धरून टेबलापर्यंत आले आणि चेहरा परत चढवला.

माझा मी पहिल्याच दिवशी टाकला होता. कचरासुद्धा रिकामा केला होता. नियमाप्रमाणे.

२९ सप्टेंबर, सोमवार

लक्ष्मी मॅडमनी दारातच अडवलं. म्हणाल्या, तुम्ही विनिताच्या बहीण ना? ती आठवडाभर आली नाही, तिचं कार्ड तुमच्याकडे कसं? कार्ड काढून घेतलं. इथे लोकांचे चेहरे आहेत बाई, बाहेरच्यांना प्रवेश नाही.

म्हटलं, मॅडम, एक चेहरा ठेवला गेला, तर? ज्याचा आहे त्याला परत देता येतो?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हनुवटीकडे. म्हणाल्या, येतो. ज्याने ठेवला त्याने आपण होऊन वहीत लिहायचं. जे तेव्हा लिहिलं नाही, तेवढंच. पण ज्याने ठेवला, त्याच्याकडे मग काय उरतं, ते विचारू नका.

लिहिलं नाही. परत आले.

३० सप्टेंबर, मंगळवार

आईला फोन आला होता श्रीपादचा. पोलीस स्टेशनला गेला होता. विनिता हरवली म्हणून. त्यांनी फोटो मागितला.

एकही फोटो नाही. म्हणजे आहेत, लग्नाचा अख्खा अल्बम. सगळ्यांत मुंडावळ्यांच्या खाली शाडूसारखं कोरं. तो आईला विचारत होता, आई, तिचे डोळे कसे होते हो? आईला सांगता आलं नाही.

फोन ठेवून आई म्हणाली, बिचारा. आणि मग म्हणाली, क्षिप्रा, विनिता म्हणजे... आपली थोरली ना गं?

आपली थोरली ना.

तेलही गेलं, तूपही गेलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

विनिताच्या फोनवर फोन आला. नाव दिसलं, क्षिप्रा. उचलला.

'ताई,' ती म्हणाली.

कोणी मला ताई म्हटलं, किती दिवसांनी!

म्हणाली, रांगेत मी तुला ओळखलं. माझा चेहरा घालून उभी होतीस तरी ओळखलं. तू उभी राहतेस ना, डावा पाय पुढे टाकून, तशीच होतीस. आपण ऑफिसला जाऊ दोघी, तुझ्या मॅडमना सांगू. मी आहे ना तुझ्याबरोबर. हात सुटला असेल तुझा, असं म्हणाली.

हात सुटला.

फोन बंद केला मी. या जगात मला ओळखणारं एकच माणूस उरलंय, आणि त्याच माणसाचा मी

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

मानपाडा. माझी किल्ली अजून चालते. श्रीपाद नाही, झेंडू आणायला गेला असेल. सणाच्या दिवशी तरी माझ्या घरात बसू दे मला. देवासमोर दोन पानं वाढून ठेवलीत त्याने. दोन.

खरवस तसाच. आंबलाय.

—

बेल वाजली. दाराच्या भिंगातून बघितलं. ओढणी.

'ताई, दार उघड.' मी उघडत नाही. दाराला पाठ लावून खाली बसलेय, लिहितेय. ती रागावलेली नाही. हळू बोलतेय, शेजारी ऐकतील म्हणून. म्हणतेय, एक ओळ लिही गं. तुझ्याच हाताने. बाकी मी बघते. तुला मी ओळखेन, चेहरा नसला तरी. मी आहे ना.

ती खरंच ओळखेल. पण तो? आई?

चारशे बारा. एवढंच लिहायचं, आणि पुढे दोन शब्द

—

जिन्यात पावलं. श्रीपादची. डावी चप्पल घासते त्याची.

थांबली.

पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. फुलं सांडली बहुतेक.

त्याने तिला बघितलं. ओढणी सरकली असणार. ते कोरं बघितलं असणार, अल्बममधलं, त्याला आठवतं तेवढंच, तेच —

रडतोय. नऊ वर्षांत कधी रडताना ऐकलं नाही मी त्याला.

'विनिता,' म्हणतोय. तिला. 'विनिता, कुठे होतीस गं? किती शोधलं तुला.'

नाही. ती नाही. मी इथे आहे, दाराच्या आत, श्रीपाद, मी —

ती का बोलत नाही? क्षिप्रा, सांग ना त्याला. सांग —

बोलत नाहीये.

किल्ली खुळखुळली. म्हणतोय, चल आत, खरवस आणलाय तुझ्यासाठी.

नाही, हे मी लिहिते, आत्ता लिहिते, वहीत नाही तर इथे, माझ्या हाताने, क्षिप्रा, लिहितेय मी —

क्रमांक चारशे बारा. ओळख पट